खोडलेली रेघ

नुकाता सेन्सेईंचं, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख प्राध्यापकांचं, निरोपाचं भाषण उद्यावर आलं होतं, आणि त्यांच्या बावीस वर्षांच्या कीर्तीला त्यांच्या विद्यार्थिनीच्या, तोमोएच्या, हातून आज सकाळीच सुरुंग लागला होता.

ही कीर्ती थराथरांच्या एका स्फटिकामुळे होती. तो अतिथंड केला की वीज त्यातून विनाअडथळा वाहते. चुंबकात ठेवून त्याला रेडिओलहरींचा ठोका दिला, की आतले अणुगर्भ उत्तर देतात आणि पडद्यावर रेघ उमटते. असल्या इतर पदार्थांत थंडीबरोबर ती रेघ सरकते. या स्फटिकात सरकत नाही, म्हणून हा जगावेगळा, असं सेन्सेईंनी दाखवलं होतं.

आज जुन्या यंत्राच्या काळजीनं तोमोएनं ठोका अगदी हलका ठेवला, तर रेघ सरकली. जोरात दिला, की पुन्हा जागेवर. म्हणजे जोराच्या ठोक्यानं स्फटिक तापत होता. इतकी वर्षं सगळे गरम स्फटिकच मोजत बसले होते. तोमोएला नव्या नोकरीसाठी लागणारं शिफारसपत्रही सेन्सेईच लिहिणार होते.

जुने तंत्रज्ञ इवाकिरी द्रवरूप हेलियम भरत होते. "परवा सांग की," ते म्हणाले. "एवढं भाषण गोड होऊ दे म्हाताऱ्याचं."

तेवढ्यात प्रयोगशाळेची किल्ली परत करायला सेन्सेई आले, सपाता ओढत. रेघ काय म्हणतेय, एवढंच त्यांनी विचारलं. ठीक आहे, असं म्हणायचं तोमोएनं ठरवलं होतं.

"सेन्सेई, ठोका हलका केला की सरकतेय."

खुर्ची ओढून सेन्सेईंनी ठोका स्वतः आणखी कमी केला. उत्तर इतकं क्षीण येत होतं की शेकडो ठोक्यांची बेरीज करावी लागली. चाळीस मिनिटं कोणी हललं नाही. मग रेघ वर आली, सरकलेली.

सेन्सेई उठले आणि कपाटातून बावीस वर्षांपूर्वीची वही काढून पानं उलटू लागले. एका पानावर हलक्या ठोक्याची अशीच क्षीण, सरकलेली रेघ चिकटवली होती. तिच्यावर त्यांच्याच अक्षरात लाल शेरा होता: नुसता गोंगाट, रद्द. खाली मोजणाऱ्याचा शिक्का होता, इवाकिरींचा.

"मी तुला तेव्हा वेड्यात काढलं होतं ना?"

"दोनदा," इवाकिरी म्हणाले. त्यांची नजर हेलियमच्या नळीवरून हलली नाही.

सेन्सेईंनी किल्ली तोमोएच्या टेबलावर ठेवली आणि वही काखेत मारली. "उद्या हेच पान दाखवणार आहे. इवाकिरी, तू पहिल्या रांगेत बस."