सव्वीस आटे

वडिलांच्या पायाचा बोल्ट तुटला तो मंगळवारी सकाळी, तिसऱ्या मजल्यावरून उतरताना. कठडा हाताशी होता म्हणून निभावलं. जिन्यात बसल्या बसल्या त्यांनी मुलीला हाक मारली, "अगं, गुडघा गेला बघ माझा. चहा ठेवला असशील तर गॅस बंद करून ये."

त्यांचा डावा पाय मांडीपासून नकली होता. एकतीस वर्षांपूर्वी बसवलेला, लाकडाचा आणि पोलादाचा. मुलगी एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, टर्नर होती. केसाएवढी चूकही ती चालवून घेत नसे, म्हणून शॉपमधले तिला मायक्रॉन म्हणत. तिने तुटलेला बोल्ट उजेडात धरला. आटे पार झिजून गेले होते.

त्याच दिवशी दोघं रिक्षाने कृत्रिम पायांच्या केंद्रात गेली. तिथल्या कारागिराने बोल्ट बोटांत फिरवला आणि तो हसला.

"हा इंचातला आहे, काका. इंचाला सव्वीस आटे. आमच्याकडे आता सगळं मिलिमीटरमध्ये. ह्या पायाचं काहीच मिळायचं नाही. नवीन पाय करू. माप, साचा, सवय, सगळं धरून तीन महिने."

"तीन महिने?" वडील म्हणाले. "आणि तोवर हिच्या आईला कोण भरवणार?"

कारागिराला ते कसं कळावं? आई वर्षभर रस्त्यापलीकडच्या शुश्रूषागृहात होती. तिला कुणाचीच ओळख उरली नव्हती, मुलीचीसुद्धा नाही. पण नवऱ्याच्या हातून ती खायची. दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला की ओठ घट्ट मिटायची. वडील दिवसातून दोनदा तिन्ही मजले उतरून जायचे, तिला भरवायचे आणि परत चढून यायचे. कुबड्यांवर त्यांना जिना जमत नव्हता. उरलेल्या पायाचा गुडघाही आता धड नव्हता. मंगळवारी दुपारी मुलीने त्यांना खुर्चीवर बसवून शेजाऱ्यांच्या मदतीने खाली नेलं. बुधवारी शेजारी गावाला गेले. नर्सचा फोन आला, "सकाळपासून पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही त्यांनी."

मुलीच्या शॉपमध्ये चार लेथ होते, चारही मिलिमीटरचे. त्यांच्यावर इंचातले आटे बिनचूक पाडायचे तर एकशे सत्तावीस दात्यांचं चाक लागतं. ते होतं पूर्वी. जुना लेथ भंगारात गेला तेव्हा त्याच्याबरोबर तेही गेलं. फोरमनने डोकं खाजवलं.

"कोण मागतंय आता इंच? मोठ्या कारखान्यात कॉम्प्युटरच्या मशीनवर होईल बघ. माझा भाचा आहे तिथे."

भाच्याने फोनवर लगेच हो म्हटलं. "पुढच्या बुधवारी आणा, ताई. या आठवड्यात मशीन रिकामंच नाही."

तिने फोन ठेवला आणि हिशोब मांडला. सव्वीस आट्यांच्या बोल्टला दर आट्यामागे अंतर पडतं एक मिलिमीटरपेक्षा जरासंच कमी. एका आट्यात फरक नखाला कळणार नाही एवढा, पण वीस आट्यांत तोच जवळजवळ अर्धा मिलिमीटर होतो. एक मिलिमीटरचे आटे पाडलेला बोल्ट सुरुवातीला सुरेख बसणार आणि मग अडणार, हे तिला काम सुरू करायच्या आधीच ठाऊक होतं. दुसऱ्या कुणी असलं काम केलं असतं तर तिने त्याची खरडपट्टी काढली असती.

तरी त्याच रात्री तिने तो बोल्ट केला. चार आटे बोटांनी आत गेले. पुढचे तेल सोडून, पान्याने, दात आवळून. शेवटी गुडघा डगडगला तर नाहीच, उलट पूर्वीपेक्षा घट्ट वाटला.

गुरुवारी सकाळी वडील चालत गेले. आईने अर्धी वाटी सूप घेतलं.

"काय हात आहे पोरीचा!" वडिलांनी नर्सला सांगितलं. "कारखान्याला जमलं नाही ते हिने केलं."

पुढचा बुधवार आला. सकाळी मुलीने वडिलांना विचारलं, "बाबा, आज पाय कारखान्यात नेऊ का? एक दिवस काढाल?"

"चाललंय ना छान? मग कशाला पुन्हा उपास घडवतेस तिला?"

तिने सांगायला हवं होतं की हे चालणं खरं नाही, पाच-सहा आट्यांवरच सगळा भार आहे. ते शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते. पण त्या दिवशी तिला शॉपमध्ये उशीर होत होता, वडील खुशीत होते आणि गुडघाही खरंच छान चालत होता. "बरं," एवढंच ती म्हणाली.

अकराव्या दिवशी शुश्रूषागृहाच्या दारातल्या उतारावर बोल्ट सुटला. वडील उजव्या अंगावर पडले आणि उरलेल्या पायाचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावलं आणि सरळ सांगितलं, "आता ते उभे राहतील असं समजू नका."

इस्पितळातून तो पाय तिच्या ताब्यात मिळाला. तिने गुडघ्याच्या आत बॅटरी मारून पाहिलं. तिच्या बोल्टने आतले आटेही खरवडून नेले होते. आता अस्सल बोल्ट मिळाला असता तरी तो कशात बसवणार?

तिने वडिलांना सगळं सांगितलं. माप चुकीचं होतं, ते मला माहीत होतं, मी गप्प बसले.

"मीच म्हटलं होतं ना, राहू दे म्हणून," ते म्हणाले. मग म्हणाले, "तिच्या डाव्या बाजूला बस. चमचा खालून आण, वरून नको. आणि बोलत राहा, काहीही बोल."

ती रोज संध्याकाळी शॉपमधून थेट आईकडे जायला लागली. डाव्या बाजूला बसायची. चमचा खालून आणायची. बोलायला काही सुचायचं नाही, म्हणून दिवसभरात काय काय काम झालं ते सांगायची. आईने एकदा तोंड उघडलं. सूप क्षणभर जिभेवर ठेवलं, तिच्याकडे परक्यासारखं पाहिलं आणि ओघळू दिलं. पुढच्या आठवड्यात नाकातून नळी घातली. नळी उपसून काढते म्हणून हात कापडाने पलंगाला बांधले.

त्या संध्याकाळी वडिलांनी विचारलं, "घेतलं का काही?"

"नाही, बाबा."

"हात बांधलेत का?"

त्यांनी मान भिंतीकडे वळवली. तिने त्यांची उशी सारखी केली आणि दिवा लावायला उठली.