सकाळची स्कूटर

संध्याकाळी टेम्पो खालच्या वस्तीत शिरला की पोरंसोरं ओरडायची, "आला रे, उचल्या आला!" उचल्याही हसायचा. शहरभर भाड्याने फिरणाऱ्या विजेच्या स्कूटर गोळा करून वरच्या भागात नेऊन लावायच्या, हे त्याचं काम. खालच्या वस्तीत रात्री एकही ठेवायची नाही, असा कंपनीचा हुकूम. का, तर म्हणे इथून सकाळी कोणी स्कूटर घेतच नाही. अहो, घेणार कुठून? सकाळी इथे असते कुठे!

आज फोनवर एक स्कूटर थेट त्याच्या थोरल्या बहिणीच्या घरात दिसत होती. त्याने टेम्पो तिकडे वळवला.

मोरीत, चादरीखाली ती उभी होती. आणि मोरीच्या दारात बहीण.

"ताई, काय हे?"

"आजची रात्र राहू दे, बाबा. पहिली बस सुटायच्या आत इस्पितळाच्या धुलाईत हजर व्हावं लागतं. आता उशीर झाला तर पुन्हा येऊच नकोस, म्हणालाय मुकादम. पायी धावून धावून गुडघ्यांचा भुगा झालाय."

"फोनवर दिसतेय गं ती. सापडली नाही म्हणून कळवलं, तर उद्या टेम्पो दुसऱ्याच्या हातात."

"मग काय, बहिणीच्या घरावर धाड घालतोस?" ती हसली, पण दारातून हलेना.

त्याने मनातल्या मनात देवाला हाक मारली. देव बिचारा काय सांगणार! घरी त्याचीही लेकरं भुकेली होती. मान खाली घालून तो आत शिरला आणि त्याने चादर ओढली. बहिणीने हाताच्या सवयीने दुसरं टोक धरलं, दोघांनी मिळून घडी घातली, आणि ती बाजूला झाली.

सकाळी इस्पितळाच्या फाटकासमोर तो स्कूटरींची रांग लावत होता. ताई धापा टाकत आली, रांगेकडे न बघता आत गेली. थोड्याच वेळात बाहेर आली. हातात कामावरच्या रबरी चपला, काखेत डबा.

"काढलं," एवढंच म्हणाली.

"चल, टेम्पोतून घरी सोडतो." त्याने टेम्पोचं दार उघडलं.

तिने बाहीने घाम टिपला.

"नको रे. तुला उशीर होईल."