न की म

हिब्रूच्या बाईंच्या वर्गात नऊ मुली होत्या, मुलगा एकही नव्हता, आणि एवढं मोजायला यंत्राची गरज नव्हती. तरी शाळेने फळा काढून भिंतीएवढा पडदा लावला, त्यावर कॅमेरा बसवला, प्रत्येकीच्या हातात टॅबलेट दिला आणि सतरा वर्षं शिकवणाऱ्या बाईंना बजावलं, की यापुढे चूक काय नि बरोबर काय ते पडदा ठरवेल.

पडद्याने पहिल्याच आठवड्यात ठरवलं. बायका-मुलींच्या घोळक्याला 'तुम्ही' म्हणायचं तर हिब्रूत 'अतेन'. त्यात एक जरी मुलगा असला तरी सगळ्यांना मिळून 'अतेम'. एकेक मुलगी उठून वर्गाला 'अतेन' म्हणाली, आणि दर वेळी लाल रेघ उमटली: चूक, 'अतेम' हवं.

"बाई, हा आंधळा आहे का?" वकीलबाईने विचारलं. वाद घातल्याशिवाय तिला अन्न पचत नसे, म्हणून वर्गाने ठेवलेलं हे नाव. "की आपल्या चिमणीने केस पोरासारखे कापलेत म्हणून?"

वर्ग खिदळला. बाईही हसल्या.

मुख्याध्यापक हसले नाहीत. "यंत्राचं कुणाशी वैर नसतं, बाई. शुक्रवारी चाचणी. वर्ग ऐंशी टक्क्यांच्या खाली आला तर हा वर्ग रेकॉर्ड केलेल्या धड्यांवर चालेल. मग तुमचं काय काम?"

"आणि यंत्रच चुकत असेल तर?"

"नाचता येईना, अंगण वाकडं," असं म्हणून ते फाइलीत शिरले.

बाई हटणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी मुलींना आलटून पालटून बाहेर पाठवलं. आत कुठल्याही तिघी असोत, रेघ लालच. मग सगळ्याजणींना व्हरांड्यात टॅबलेटच्या कॅमेऱ्यासमोर उभं केलं, आणि 'अतेन'वर हिरवी खूण आली, एकदा, दोनदा, पाच वेळा. बाईंच्या जिवात जीव आला. वर्गाचं दार वाऱ्याशिवाय थोडं उघडलं. सहाव्या वेळी रेघ लाल झाली, जणू मागे राहिलेलं कुणी सावकाश चालत येऊन रांगेत उभं राहिलं होतं.

शुक्रवारी मुख्याध्यापक हाताची घडी घालून भिंतीशी उभे राहिले. धड्यातलं प्रत्येक वाक्य त्याच शब्दाने सुरू होत होतं. बाईंनी मुलींकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "आज 'अतेम' म्हणा."

"पण बाई, ते चुकीचं आहे ना? तुम्हीच शिकवलंत," वकीलबाई अडून बसली.

"म्हण गं, बाई माझी."

ती 'अतेम' म्हणाली. मग बाकीच्या म्हणाल्या. पडदा वरपासून खालपर्यंत हिरवा झाला.

"शंभर!" मुख्याध्यापक खुशीत म्हणाले. "बघा, ऐकलं की जमतं." वर्ग वाचला, बाईंची नोकरी वाचली, आणि घरी जाऊन त्यांनी कितीतरी वेळ हात धुतले.

सोमवारी त्यांना पोचायला जरा उशीर झाला. वकीलबाई दारातच उभी होती. तिच्या मागे मुली बाकांवर गप्प बसल्या होत्या, आणि प्रत्येकजणी कडेला सरकून, थोडी दाटीवाटीने, शेजारी कुणाला तरी जागा करून दिल्यासारखी.

"चला ना बाई," ती म्हणाली, हिब्रूत नव्हे, रोजच्या घरच्या भाषेत. "सगळे आलेत."

'सगळ्या आल्यात' म्हण, असं सांगायला बाईंनी तोंड उघडलं. मग बाकांकडे एकवार नजर गेली, आणि त्यांनी ते मिटलं.