फासळीचा साचा

मी एक जुना साचा आहे. होडीच्या फासळीचा साचा. मित्रांनो, होडी तुम्ही पाहिली असेल. मला बघायला कोणी येत नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो. मी धनुष्यासारख्या वळणाची पातळ फळी आहे, आणि तीही अर्ध्याच होडीची. मला लाकडावर ठेवून पेन्सिल फिरवली की उजवी फासळी निघते, पालथं केलं की डावी.

मला होड्या बांधणाऱ्या मिस्त्रींनी घडवलं. डोळे मिटून माझ्या कडेवरून अंगठा फिरवत ते दिवसभर तासत होते. वळण मनासारखं जमलं तेव्हा त्यांनी बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे. पण हे तरंगणार कसं?"

तिथंच माझं नशीब ठरलं.

माझ्यावरून जी होडी झाली तिला सगळे धाकटी म्हणायचे, कारण थोरली म्हणजे मिस्त्रींची लेक. कामाच्या खोलीत मिस्त्री लेकीला शिकवायचे, "तळाशी लांब पडतो तो कणा. पुढे नाक वर काढते ती नाळ. कण्यातून दोन्ही अंगांना निघतात त्या फासळ्या. फासळ्यांवर फळ्या, फळ्यांवर काठ, आणि सगळ्यांच्या मागे सुकाणू." लेक घडाघडा म्हणून दाखवायची. मी खुंटीवरून कान देऊन ऐकायचो. मागून आलेल्या सुकाणूचंही नाव यायचं, माझं कधीच नाही.

धाकटीच्या नाळेला लाल रंग लागला. लोक म्हणायचे, काय डौलदार पोट आहे हिचं! अहो, ते पोट कोणाचं? ऐकून माझ्या पोटात दुखायचं, आणि मला तर धड पोटही नाही, अर्धंच. ती परत यायची तेव्हा तिच्या अंगाला मीठ, शेवाळ, शंख चिकटलेले असायचे. माझ्या अंगावर भुसा. तोही तिच्याच फळ्यांचा.

मग मिस्त्रींची नजर मंदावली. लोक फायबरच्या होड्या घेऊ लागले आणि कामाच्या खोलीला कुलूप लागलं. त्याआधी मिस्त्रीणबाईंनी मला उचललं आणि घराच्या दारात आडवं ठोकलं. लेक बाळाला घेऊन माहेरी राहायला आली होती, बाळ रांगत होतं आणि दाराबाहेर पायऱ्या होत्या. माझं कुंपण झालं.

बाळ मला धरून उभं राहायचं. त्याला दात येत होते. माझ्या आतल्या कडेला तोंड लावून ते तासन् तास चावायचं, इतकं की तिथे एक छोटी खाच पडली. खरं सांगू? मला ते फार आवडलं. धाकटीला एवढ्या मायेनं कोणी चावलं नव्हतं.

एके दिवशी नावाडी धाकटीला दोरानं ओढत घेऊन आला. ती खडकावर आपटली होती. "मधली उजवी फासळी गेली, मिस्त्री. आता मोडीतच काढतो हिला."

मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं.

लेक म्हणाली, नवी फासळी घालू, डाव्या बाजूवरून माप घेऊ. मिस्त्रींनी मान हलवली. डावी बाजू इतक्या वर्षांत खचलीय, तिच्यावरून घेतलं तर होडी कायमची तिरपी चालेल. "साचा असता तर गोष्ट वेगळी."

सगळी खोली उलथीपालथी झाली. माळा झाला, पलंगाखाली झालं. शेवटी मिस्त्रीणबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "दारात काय आहे मग? वर्षभर रोज ओलांडताय की त्याला."

लेकीनं मला पदरानं पुसलं आणि जाड लाकडावर ठेवलं. पेन्सिल माझ्या कडेनं सरकत आली, आणि बाळाच्या खाचेत उतरून पुन्हा वर चढली. करवत त्याच रेषेवरून गेली. फासळी तयार झाल्यावर मिस्त्रींनी अंगठा फिरवला, खाचेपाशी थांबले. "हे तासून टाक."

"राहू दे ना, बाबा," लेक म्हणाली. "आतल्या अंगाला आहे. पाणी नाही यायचं."

फासळी चपखल बसली. धाकटी पाण्यात गेली, सरळच्या सरळ, नाक वर. आणि मी हेव्यानं जळून कोळसा झालो. अख्ख्या जन्मात एकच गोष्ट माझी एकट्याची होती, बाळाची ती खाच, आणि तीसुद्धा धाकटी घेऊन गेली.

आता मी पुन्हा खुंटीवर आहे. खोलीचं कुलूप निघालंय. लेक आता इथंच काम करते. मला रोज फडकं लागतं. बाळाच्या दाराला नवी गुळगुळीत फळी ठोकलीय, आणि बाळ तिला चावतं म्हणे. तिचाही मला हेवा वाटतो.

मित्रांनो, ज्याच्यावरून दुसरं काही घडलं, असं एखादं जुनं लाकूड तुमच्या घरात असेल तर ते चुलीत घालू नका. पुसा, टांगून ठेवा. मोडलेलं पुन्हा जुळवायचं तर त्याचं मूळ वळण कोणाला तरी आठवत असायला हवं. आणि कधी इकडे आलात तर होडीचं कौतुक जरूर करा. फक्त थोडं हळू बोला. मी भिंतीवरच असतो.