जांभळा रंग काढताना

घड्याळवाल्याने ठरवून टाकलं होतं, शनिवारी दुकानाची किल्ली शेजारच्या चष्मेवाल्याला द्यायची आणि मोकळं व्हायचं. आता या माणसाने एकदा ठरवलं की संपलं. त्याच्या बायकोने हे पस्तीस वर्षं भोगलं होतं. पाच महिन्यांपूर्वी त्याला अर्धांगवायूचा झटका आला. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, पण उजव्या हाताची बोटं काही पुरती वळेनात. डॉक्टर म्हणाले, बोटांना काम द्या. याने बोटं खिशात घातली आणि दिवसभर खिडकीशी बसून समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीकडे बघायला लागला. जणू ती टाकी कुणी पळवून नेणार होतं.

बायको घरीच शिवणकाम करायची. तिला दुकानाचं एवढं काही नव्हतं. पण किल्ली गेली की हा माणूस त्या खुर्चीतून पुन्हा उठायचा नाही, हे तिला लख्ख दिसत होतं. समजावून झालं, रागावून झालं, एकदा तर तिने आठवडाभर अबोला धरला. पण हा आधीच बोलत नव्हता, त्यामुळे अबोला धरलाय हे त्याच्या गावीही नव्हतं.

कपाटावर त्याची रिमोटची गाडी धूळ खात पडली होती. रविवारी मैदानावर चार म्हाताऱ्या दोस्तांबरोबर आरडाओरडा करत तो ती पळवायचा. आजारी पडायच्या जरा आधी त्याने गाडीसाठी अॅल्युमिनियमचे नवे भाग मागवले, तर ते आले जांभळे. गाडी आहे का वांगं, असं म्हणून तो दोन दिवस धुमसत होता. रंग कसा काढायचा तेही त्याने बायकोला ऐकवलं होतं. हा रंग वरून फासलेला नसतो, धातूवर कडक कातडी चढवून तिच्यात मुरवलेला असतो. घासून निघत नाही, भागच कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात घालावा लागतो. तिने सगळं ऐकलं होतं. किती वेळ घालायचा, तेवढं नेमकं ऐकलं नव्हतं.

गुरुवारी दुपारी तो डुलक्या घेत असताना तिने मनाचा हिय्या केला. भाग चकाकले तर निदान हात तरी लावील. तिने रबरी हातमोजे चढवले, त्याचा कामाचा मोठा चष्मा लावला, बाल्कनीत प्लास्टिकचं घमेलं ठेवलं आणि पाण्यात जपून, थोडी थोडी पावडर टाकली. इथवर शहाणपणाने झालं. पुढे शिवणकामाची अक्कल आडवी आली. कापडाचा पक्का रंग काढायचा तर पाणी कढत हवं आणि भिजत घालून विसरून जायचं, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. तिने पाणी कढतच घेतलं होतं. पुढच्या चाकांचे दोन आधार त्यात सोडले आणि ती आत जाऊन एका सदऱ्याला बटणं लावत बसली.

सातवं बटण लावून ती बाहेर आली तेव्हा घमेलं फसाफसा उकळत होतं आणि उग्र वाफेने घसा धरत होता. तिने चिमट्याने तुकडे बाहेर काढले, नळाखाली धरले. काळेठिक्कर. ब्रशने घासल्यावर काळं गेलं, खालून चांदीसारखा धातू निघाला, पण सगळा खडबडीत. आणि ज्या भोकात पोलादी खिळी गच्च बसायची, त्यात ती आता खुळखुळायला लागली. धातूच खाल्ला गेला होता. चांगलं करायला गेले आणि होतं तेही घालवलं, असं वाटून ती तिथेच फरशीवर बसली आणि तिला रडू कोसळलं.

वासाने तो जागा झाला, पाय ओढत दारापर्यंत आला. पाणी किती गरम होतं आणि तुकडे किती वेळ आत होते, एवढंच त्याने विचारलं. तिने खरं ते सांगून टाकलं.

"भिजत घातलंस?" तो म्हणाला. "चादर आहे का ती?"

आणि तो हसला. पाच महिन्यांत पहिल्यांदा, चांगला खोकला येईपर्यंत हसला. मग डाव्या हाताने त्याने खिळी उचलली, आणि तुकडा धरायला खिशातला हात बाहेर काढला. तिने तिकडे बघितलंच नाही. हातमोजे झटकत राहिली.

भिंतीवरच्या जुन्या घड्याळांचं असंच होतं, तो सांगायला लागला. चाकाचा आस फिरून फिरून भोक मोठं होतं. मग ते आणखी थोडं मोठं, पण गोल करून घ्यायचं आणि आत पितळेची बारीक कडी दाबून बसवायची. अशा कड्या त्याने आयुष्यात हजारो बसवल्या होत्या. पण कड्या सगळ्या दुकानात होत्या.

शुक्रवारी सकाळी तिनेच शटर वर ढकललं. त्याने भोकं गोल करून घेतली. त्यालाच तास गेला. मग त्याने डोळ्याला भिंग लावलं, चिमट्यात कडी धरली आणि ती पडली. दुसऱ्यांदा पडली. तिसऱ्यांदा टेबलाखाली गेली.

"बघितलंस?" तो म्हणाला आणि भिंग काढून ठेवलं.

ती खाली वाकली, कडी शोधून काढली आणि चिमटा स्वतःच्या हातात घेतला. जन्मभर सुईत दोरा ओवणाऱ्या बाईला कडीचं काय कौतुक. तो सांगत गेला, जरा डावीकडे, अजून जरा, आता दाब. कडी बसली. दुसऱ्या तुकड्याच्या वेळी तिने नुसता तुकडा धरला आणि चिमटा त्याच्यापुढे केला. अर्धा तास लागला, दोघांना घाम फुटला, पण ती कडी त्याच्या उजव्या हाताने बसवली. खिळी घालून बघितली. खुळखुळली नाही.

एवढ्यात उघडं शटर बघून चष्मेवाला आत आला. आलाच आहात तर किल्ली आजच देऊन टाकता का, असं त्याने अदबीने विचारलं. तिने मान वर केली नाही.

घड्याळवाल्याने सगळ्या दुकानावरून एकदा नजर फिरवली आणि तो बायकोकडे वळला.

"तुझं मशीन त्या खिडकीशी बसेल का गं?"

तिने नजरेनेच माप घेतलं. "ते कपाट वीतभर सरकवावं लागेल."

"सरकवू," तो म्हणाला आणि उठून त्याने कपाटाला दोन्ही हात लावले. चष्मेवाला बिचारा किल्ली न्यायला आला होता; त्याला कपाटाची दुसरी बाजू धरावी लागली.