कोरडं तळघर

आलेइडाने बादली खिडकीतून बाहेर रिकामी केली आणि आत ओढता ओढता तिचा हात थांबला. बादलीच्या तळाशी, कडेला चिकटून, चिमूटभर करडं काहीतरी उरलं होतं. तिने ते बोटावर घेतलं आणि अंगठ्याने घासून पाहिलं. माती घासली की पसरते. हे पसरलं नाही. प्रत्येक कण वेगळा राहिला.

वाळू.

कोणी बघत नाही ना, हे तिने आधी पाहिलं. मग बादली खंगाळली, ओले हात एप्रनला पुसले आणि पुन्हा तळघराच्या दाराकडे वळली.

तळघरात पाणी येणं काही नवं नव्हतं. ओल्डेवर्ड गावातली सात घरं बांधाच्या अगदी पायथ्याशी होती, आणि आयसेल नदी फुगली की दर हिवाळ्यात त्या सातही घरांत पाणी झिरपायचं. विटांच्या सांध्यांतून ते वर यायचं, काचेसारखं नितळ. पुरुष बांधावर पहाऱ्याला जायचे, बायका पाणी उपसायच्या. तळघरात हिवाळ्याचं सगळं पोट असायचं: बटाटे, आंबवलेल्या कोबीचं पिंप, खारवलेलं डुकराचं मांस, पेटीतल्या वाळूत पुरलेली गाजरं. त्यामुळे कोणाची फरशी आधी उघडी पडते, यावर त्या बाईची पुढच्या हिवाळ्यापर्यंतची पत ठरायची.

"काय शेजारीणबाई, अजून उपसतेच आहेस?"

कुंपणापलीकडून बेरेंडिना बोलत होती. आलेइडाहून चार वर्षांनी मोठी, आणि त्या चार वर्षांचा मान ती रोज वसूल करायची. दोघींच्या घरांमध्ये गुडघाभर उंचीचं कुंपण होतं आणि दोघींचं पाणी एकाच चरात जायचं.

"माझी फरशी तर सकाळीच घासून झाली," बेरेंडिना म्हणाली.

"झाली असेल. तुझ्या फरशीला विटा तरी किती? मोजून चार."

"चार असोत, पण कोरड्या आहेत. हवं तर वर रुमाल टाकून बघ."

"तुझ्याकडचं पाणी माझ्याकडे ढकलत असशील, म्हणून कोरड्या."

बेरेंडिना हसली. तिच्या हातातली बादली मात्र भरलेली होती. ती चरात ओतून बेरेंडिना लगबगीने आत गेली.

आलेइडा खाली आली. फरशीच्या कोपऱ्यात, बांधाकडच्या भिंतीपाशी, दोन विटांच्या मध्ये पाणी उकळल्यासारखं हलत होतं. पाणी थंडगार होतं, तरी उकळत होतं. त्याच्याभोवती करड्या वाळूचं एक कडं जमलं होतं, मुंग्यांनी उकरलेल्या मातीच्या ढिगाएवढं.

दर शरद ऋतूत चर्चमध्ये प्रार्थना संपली की बांधाचा मुकादम वोल्टर उभा राहून नियम वाचायचा. पाणी नितळ असेल तर घाबरू नका. पाण्याबरोबर वाळू आली तर उपसणं थांबवा आणि त्याच दिवशी सांगा. जो लपवेल त्याचं नाव चर्चच्या दारावर लागेल आणि त्याचं घर त्याच आठवड्यात पाडलं जाईल.

हर्मेन स्लॉटने तीन वर्षांपूर्वी त्याच दिवशी सांगितलं होतं. तरी उन्हाळ्यात त्याचं घर पाडलंच. बांधाच्या मंडळाचं म्हणणं होतं की त्याचं तळघर बांधाची मुळं कुरतडतंय. त्याला आभाराचं पत्र मिळालं, त्यावर शिक्काही होता. आता हर्मेन खानावळीच्या मागच्या खोलीत राहायचा आणि रविवारी चर्चनंतर जिथे त्याचं घर होतं तिथे जाऊन उभा राहायचा. तिथे मेंढ्या चरायच्या.

आलेइडाचा नवरा याच घरात जन्मला आणि याच घरात गेला. मुलगा यिलिस याच घरात लहानाचा मोठा झाला. तिने फावडं घेतलं, वाळूचं कडं गोळा केलं आणि गाजरांच्या पेटीत ओतलं. वाळूत वाळू. मग पुन्हा बादली भरली.

तो मंगळवार होता.

बुधवारी तिने मोजायला सुरुवात केली. बादली भरायची, शंभर आकडे होईपर्यंत स्थिर ठेवायची, वरचं पाणी ओतून द्यायचं आणि तळाची वाळू एका वाडग्यात काढायची. सकाळी दहा बादल्यांमागे एक ओंजळ वाळू निघाली. दुपारी सहा बादल्यांमागे. मोजल्याने भीती कमी होईल असं तिला वाटलं होतं. झालं उलटंच. आता भीतीला आकडा मिळाला होता आणि तो आकडा वाढत होता.

तिने जुना लोकरी परकर फाडला, चिकणमातीत मळला आणि त्या भोकात टाचेने ठोकून बसवला. पाणी थांबलं. ती पायरीवर बसली, श्वास सोडला आणि कितीतरी वेळाने तिला भूक लागल्याचं जाणवलं. ती उठणार एवढ्यात हातभर अंतरावरची एक वीट वर उचलली गेली. अगदी सावकाश, कोणी खालून बोटाने ढकलावी तशी. आणि तिथून पाणी उसळलं.

तिने उपसणं सुरू ठेवलं. फरशी दिसत होती तोवर घर आपलं होतं. पलीकडून बेरेंडिनाच्याही बादलीचा आवाज येत होता, न थांबता. त्या आवाजाने आलेइडाला एरवी चेव यायचा. त्या दिवशी फक्त सोबत वाटली.

गुरुवारी दुपारी यिलिस सूप प्यायला घरी आला. बांधावर उभं राहून त्याचे गाल फाटले होते. लाकडी जोडे दाराशी काढून तो चुलीपाशी बसला आणि वाटाण्याचं घट्ट सूप फुंकर न मारताच पिऊ लागला.

"जीभ भाजेल रे."

"भाजू दे, काहीतरी गरम तरी होईल. आई, मुकादमाने मला आपल्याच घरामागे उभं केलंय. म्हणतो, हा तुकडा सगळ्यात भक्कम, इथे डुलकी काढलीस तरी चालेल."

"असं म्हणाला?"

"म्हणजे काय! वळणावर बर्फ अडकलाय, सगळी माणसं तिकडे. इथे मी आणि माझा खुंट." तो हसला. "दोर बांधायला मी काल एक खुंट ठोकला होता ना, चार जणांनी ओढला तरी हलला नव्हता. आज हाताने निघाला. गोठून जमीन उकलली असेल, नाही?"

आलेइडाने त्याच्या वाडग्यात आणखी सूप वाढलं. डाव काठावर आपटला आणि सूप मेजावर सांडलं. तिने ते पुसलं नाही. ती आतल्या दुसऱ्या वाडग्याचा विचार करत होती, आणि आज सकाळच्या आकड्याचा. तीन बादल्यांमागे एक ओंजळ. तीन दिवसांत इतक्या ओंजळी कुठून आल्या? वाळू कुठेतरी कमी झाल्याशिवाय इथे जास्त होणार नव्हती.

तिच्या लहानपणी बांध फुटला तेव्हा पाणी त्याच्या माथ्यावरून आलंच नव्हतं. वडील सांगायचे, गाय खाली बसते तसा तो बसला. आधी गुडघे, मग सगळी.

"तू इथेच थांब," ती म्हणाली. "वर जाऊ नकोस."

"अगं, माझा पहारा..."

"बस म्हटलं ना!"

यिलिस बसला. इतक्या वर्षांत आई त्याच्यावर अशी ओरडली नव्हती.

ती शाल न घेताच बांधाचा चढ चढली. चार दिवसांत ती वर आलीच नव्हती. माथ्यावर पाय टेकला आणि तिला नदी दिसली. समोर नाही, जवळजवळ पायाशीच. करड्या बर्फाचे तुकडे एकमेकांवर चढत, करकरत चालले होते. तिने मागे वळून पाहिलं. तिच्या घराची पन्हळ पाण्याच्या पातळीच्या खाली होती.

मुकादम वोल्टर दोनशे पावलांवर होता. धिप्पाड, साठीचा, तोंडात विझलेला पाइप.

"मुकादम, माझ्या तळघरात वाळू येतेय."

तो ओरडला नाही. त्याने पाइप तोंडातून काढला.

"किती?"

"तीन बादल्यांमागे ओंजळभर."

"मोजलीस?"

"मोजली."

त्याने तिच्याकडे क्षणभर जास्तच पाहिलं. मग शीळ घालून चार माणसं बोलावली, आणि मातीने भरलेल्या गोणी मागवल्या.

तळघरात उतरल्यावर वोल्टर गुडघ्यावर बसला. उसळणारं पाणी त्याने तळहाताने झाकून पाहिलं, परकराचा चिखलाने माखलेला बोळा उचलून बाजूला ठेवला.

"उपसलंस कुठपर्यंत?"

"फरशी दिसेपर्यंत."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"घासलीसुद्धा असशील."

तिने बादली दुसऱ्या हातात घेतली. घासली होती.

"ती बादली ठेव खाली," वोल्टर म्हणाला. त्याचा आवाज दमलेला होता. "बाई, तू पाणी बाहेर काढत नव्हतीस, नदीला आत ओढत होतीस. आत अडवायला पाणीच नसेल तर ती जोरात येणार, आणि येताना बांधाखालची वाळू घेऊन येणार. आता भरू दे तळघर. आतलं पाणी उभं राहिलं की तेच नदीला रेटून धरतं. दर वर्षी सांगतो मी चर्चमध्ये. बायका माना डोलावतात आणि घरी जाऊन बादली उचलतात."

"आणि बटाटे?" तिच्या तोंडून निघून गेलं, आणि तिची तिलाच लाज वाटली.

"काय हाताला येईल ते वर काढा. पटकन."

माणसांनी भोकाभोवती गोणींचं गोल कडं रचायला घेतलं. यिलिसने पिंप वर ओढलं. बेरेंडिनाही आली होती. न बोलावता, हात पुढे करून ती पायरीवर उभी होती आणि बरण्या वर देत होती. गाजरांची पेटी दोघांना उचलेना. वोल्टर स्वतः पुढे झाला आणि थांबला. पेटीत खाली बागेतली पिवळी वाळू होती, वर निळसर करडी. त्याने करड्या वाळूत बोट खुपसलं. दुसऱ्या पेरापर्यंत गेलं तेव्हा खाली पिवळं लागलं. त्याने बोट पुसलं आणि खिशातून वही काढली.

"वाळू कधीपासून?"

आलेइडाने तोंड उघडलं. यिलिस तिच्याकडे बघत होता.

"आज सकाळपासून," बेरेंडिना पायरीवरून म्हणाली. "चरात मीच पाहिली ना. कालपर्यंत पाणी अगदी नितळ होतं."

गोणींच्या कड्यात पाणी बुडबुडत चढत होतं. वोल्टरने पेन्सिल जिभेला लावली आणि वहीत सावकाश लिहिलं.

"आज सकाळपासून," तो म्हणाला.

तेवढ्यात वळणाकडून धोक्याचं शिंग वाजलं. एकदा, आणि लगेच पुन्हा. माणसं हातातल्या गोणी टाकून पायऱ्यांवर धावली, यिलिसही. आलेइडाचा हात त्याच्या बाहीपर्यंत पोहोचला, पण तिने ती धरली नाही. वोल्टर सर्वांत शेवटी निघाला. बेरेंडिनापाशी आल्यावर तो थांबला.

"तुझं तळघर?"

"कोरडं. ठणठणीत."

त्याने तिच्या परकराच्या काठाकडे पाहिलं. काठ ओला होता, आणि जिथे सुकला होता तिथे एक निळसर करडी रेघ उमटली होती. त्याने टोपी कानांवर ओढली.

"मग कोरडं ठेवू नकोस," तो म्हणाला आणि बांधाकडे पळाला.

दोघी उरल्या. तळघरातलं पाणी आता कड्याबाहेर येऊन पहिल्या पायरीपर्यंत चढलं होतं, आणि त्याचं उकळणं मंद झालं होतं.

"कधीपासून?" आलेइडाने विचारलं.

बेरेंडिनाने बरणीचं झाकण घट्ट केलं. ते आधीच घट्ट होतं.

"रविवारी चर्चहून आले तेव्हा."

"म्हणजे माझ्या आधीपासून."

"तुझ्या आधीपासून," बेरेंडिना म्हणाली. त्या बोलण्यात या वेळी बढाई नव्हती.

त्या कुंपण ओलांडून गेल्या. बेरेंडिनाची फरशी खरंच लख्ख होती. दिव्यात तिच्या विटा चमकत होत्या आणि तीन ठिकाणी पाणी उसळत होतं. भिंतीलगत सोळा बरण्या, दोन पिंपं, बटाट्यांचा ढीग.

"हे वर काढू या आधी," बेरेंडिना पुटपुटली.

भिंतीत कुठेतरी चुना गळल्यासारखा आवाज झाला. दोघींनी तिकडे पाहिलं.

"नको," आलेइडा म्हणाली.

चरावर पातळ बर्फ धरला होता. त्यांनी तो टाचेने फोडला आणि बादल्या भरल्या. तळघराच्या दाराशी बेरेंडिना भरलेली बादली घेऊन उभी राहिली. तिचे हात पुढे जाईनात. तीस हिवाळे ते एकाच दिशेने चालले होते. आलेइडाने तिला कोपराने बाजूला सारलं आणि आपली बादली पायऱ्यांवरून खाली ओतली. पाणी फरशीवर पसरलं, बटाट्यांखाली शिरलं आणि क्षणात दिसेनासं झालं.

"किती लागतील?" बेरेंडिनाने विचारलं.

तळघर रिकामं करायला किती बादल्या लागतात, हे दोघींना तोंडपाठ होतं. भरायला किती लागतात, ते ठाऊक नव्हतं. वर बांधावर माणसं ओरडत होती, पण काय, ते कळत नव्हतं. बेरेंडिनाने डोळे मिटले आणि बादली उलटी केली. तोवर आलेइडा चराकडे निघालीही होती.