गोवर्धनाची जागल

आडवी पडलेली मक्याची धाटं एकशे त्र्याहत्तर. बुडातून मोडलेली एकशे साठ, न मोडता नुसती लोळलेली तेरा. चिखलात डुकरांचे माग: मोठे नऊ, बारके चौदा. आणि या सगळ्याच्या मधोमध, मचाणावर, गोवर्धन गावंडे एक. गाढ झोपलेला, चेहरा तान्ह्या लेकरासारखा.

ही मोजदाद सत्यभामेनं केली. ती चहाची किटली घेऊन सकाळी वावरात आली होती. तिनं मचाणाची शिडी गदागदा हलवली.

"उठा जी! पाव्हणे जेवून गेले."

गोवर्धन डोळे चोळत बसला, तोवर धुऱ्यावरून शेजारचा देवमन धापा टाकत आला. त्याच्याही मक्याची तीच गत होती.

"काहून बे गोवर्धन, जागल करून राह्यला होता का झोपा काढून राह्यला होता?"

"झोपलोच होतो. चार वर्सांपासून झोपतोच ना मी!"

"मंग डुकरं आत्ताच कशे आले?"

देवमननं मचाणाकडं पाहिलं. मग देवमन हळूच म्हणाला, "तू घोरला नाही."

खरं होतं ते. चार वर्षं गोवर्धन रोज संध्याकाळी दारूची एक क्वाटर पोटात घालून जागलीला चढायचा आणि चढताच आडवा व्हायचा. पण घोरायचा असा, की वावरात थ्रेशर लागलाय असं वाटावं. सातपुड्यातून उतरलेली डुकरं नाल्यापलीकडूनच माघारी फिरायची. त्याच्या भरवशावर आजूबाजूचे सहा शेतकरी घरी पंख्याखाली झोपत. त्याला कोणी हे सांगितलं नव्हतं. त्याला वाटायचं, आपला दरारा आहे.

बिघडलं ते श्रावण लागल्यावर. आरोग्य उपकेंद्रातल्या दीक्षा मॅडमनी त्याचं बीपी मोजलं: एकशे चोपन्न, शहाण्णव. वजन चौऱ्याऐंशी किलो सहाशे.

"काका, एखाद्या दिवशी नाही घेतली तर हात थरथरतात? घाम सुटतो?"

"नाही जी. फक्त राग येते."

"मग एक महिना बंद करून पाहा. थरथर वाटली तर लगेच इकडं या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, परत मोजू. नाही उतरलं तर गोळी सुरू."

गोवर्धनाचा थोरला भाऊ याच बीपीपायी अर्ध्या अंगानं खाटेवर पडला होता. गोवर्धनानं त्याच दिवशी सोडली. पहिला आठवडा घरात भांडी आदळली. दुसऱ्यात छातीतली जळजळ गेली, झुणका गोड लागायला लागला, पट्टा एक भोक आत सरकला. अठराव्या रात्री घोरणं थांबलं.

विसाव्या दिवशी दुपारी सहाही शेतकरी ओसरीवर हजर. देवमनच्या हातात ताट. ताटात शाल, नारळ आणि एक क्वाटर. तिच्या बुचाला कुंकू लावलेलं.

"गोवर्धनभाऊ," देवमन एकदम अदबीनं बोलला, "गावासाठी घ्या."

"अन् माह्यं बीपी?"

"बीपी तुमचं एकट्याचं हाय. मका सात जणाईचा हाय."

"तूच पे ना मंग! तुले कोनी धरलं?"

"पेऊन पाह्यलं ना कालच! मले झोपच नाही आली. गानेच म्हनत बसलो. डुकरं आयकत उभे होते."

गोवर्धनानं बाटलीकडं पाहिलं. गळ्यात शाल पडली होती आणि आजवर गावानं त्याला कधी 'भाऊ' म्हटलं नव्हतं. त्याचा हात ताटाकडं सरकला.

सत्यभामेनं ताट उचलून आत नेलं. बाहेर आली ती मोबाइल घेऊन.

"आयका." तिनं बटण दाबलं. ओसरीवर थ्रेशर सुरू झाला. खुंट्याची गाय दावं तोडायला निघाली.

"हे काय व्हय?" गोवर्धन दचकला.

"तुमी. माह्या भावाले आयकवाले जेठ महिन्यात भरून ठेवलं होतं. तुमी म्हनत जा ना, मी घोरतच नाही म्हनून."

"हा मी हाय?"

"बावीस वर्सांपासून."

देवमनकडं अकोटहून आणलेला बॅटरीचा भोंगा होता. त्यात वाघाची डरकाळी होती. डुकरं तिला केव्हाच सरावली होती. सत्यभामेनं डरकाळी पुसली आणि नवरा भरला. भोंगा मचाणाला बांधला.

तिसऱ्या दिवशी तांबारलेले डोळे घेऊन गोवर्धन भल्या सकाळी घरी आला.

"डुकरं आले काय?" सत्यभामेनं विचारलं.

"येकबी नाही. पन त्या हरामखोराच्या बाजूले मानसानं झोपावं कसं? मी आजपासून घरीच झोपतो." मग खाली बघत म्हणाला, "तू कशी झोपत होती वं?"

"जागलच करत होती," ती म्हणाली आणि चहा ठेवला.

करीच्या दिवशी दीक्षा मॅडमनी दोनदा मोजून वहीत लिहिलं. बीपी एकशे चौतीस, शहाऐंशी. वजन एक्क्याऐंशी किलो नऊशे. दारू न घेतलेले दिवस तीस.

वावरात सत्यभामेनं मोजलं. भोंगा लागल्यापासून नवी आडवी धाटं दोन. खूर देवमनच्या गाईचे.